जादा वेळ कोणाचा? : वेठीपासून दुप्पट मजुरीपर्यंत

एका १४ एप्रिलला यावलमधील एका वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात मला बोलण्यासाठी बोलावले होते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, त्यामुळे अशा दिवशी दोन-तीन ठिकाणची बोलावणी असतातच. कामगार आणि बाबासाहेब हा विषय होता. आपल्या फलकांवर दरवर्षी जे वाक्य रंगवलेले असते तेच मीही बोललो : "या देशात मजुराला चौदा तास राबावे लागत होते, बाबासाहेबांनी ते आठ तासांवर आणले, म्हणून आज आपल्याला ओव्हरटाइमचे पैसे मागता येतात." टाळ्या पडल्या. कार्यक्रम आटोपल्यावर चहा घेत असताना रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले. वस्तीत सारे त्यांना नाना म्हणतात. ते म्हणाले, "सर, बोललात चांगलं. पण माझा बाप पासष्ट साली फाटकावर होता. बारा-बारा तास. त्याला आठ तास का नाही मिळाले? बाबासाहेब त्याला विसरले का?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडील सालदार होते, आजी हंगामात जिनात जाई. घड्याळ, पगारपत्रक, ओव्हरटाइम हे शब्द आमच्या घरात माझ्या नोकरीबरोबर आले. ज्या इतिहासाने माझे घर घडवले तोच मला फलकावरून पाठ करावा लागावा, याची मला त्या दिवशी लाज वाटली. नानांच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडत आहे. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ते तपासून पाहावे, ही अपेक्षा आहे.

१

'जादा काम' या शब्दातच एक गोष्ट गृहीत धरलेली असते. जादा म्हणजे कशाहून जादा? आधी कामाला हद्द असेल तर हद्दीपलीकडचे काम जादा ठरेल. ज्याच्या कामाला हद्दच नाही त्याचे कोणतेही काम जादा होऊ शकत नाही. आपल्या समाजाचा श्रमाचा इतिहास येथून सुरू होतो, गिरणीच्या भोंग्यापासून नव्हे.

गावगाड्यात वतनदार महाराचे काम कोणते? सरकारी टपाल पोचवणे, गावाला आलेल्या अंमलदारापुढे धावणे, सरकारी सारा पोचवताना सोबत जाणे, गावची राखण, मेलेली जनावरे ओढणे, मरणाचा सांगावा परगावी नेणे. यादी संपत नाही, कारण ती संपवण्याचा अधिकार यादी करणाऱ्याकडे होता. १८७४च्या मुंबई इलाख्याच्या वतन कायद्याने या व्यवस्थेला इंग्रजी राज्याचा शिक्का मिळाला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा हाच होता. वतनदार महाराला चोवीस तासांत केव्हाही बोलावता येते. तो घरी नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातील दुसऱ्या कोणाला धरून नेता येते. एका माणसाच्या नावावर नेमणूक आणि साऱ्या कुटुंबाच्या अंगावर काम, असा हा व्यवहार होता. त्याचा मोबदला इनामाच्या जमिनीचा तुकडा, बलुत्याचे धान्य आणि सरकारकडून मिळणारी नाममात्र रक्कम. बाबासाहेबांना ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा त्यांच्या निधनानंतर, १९५८ साली झाला.

वतन गेले, पण हद्द नसलेले काम गेले नाही. खानदेशात ते सालदारीत राहिले. आखाजीला साल ठरते आणि पुढच्या आखाजीला संपते. मधल्या काळात सालदार मालकाचा. माझे वडील पहाटे गोठ्यात जात, दिवसा शेतात असत आणि रात्री वीज येईल तेव्हा केळीला पाणी धरत. रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला उठलेल्या सालदाराला 'जादा वेळ' विचारणे हास्यास्पद ठरेल, कारण त्याने आपले तास विकलेले नसतात. त्याने वर्ष विकलेले असते. वर्षाच्या बाहेर जादा म्हणून उरतेच काय?

२

आता जिनाकडे येऊ. आमच्या यावल-रावेरची ओळख आज केळीची आहे. परंतु सबंध खानदेशाला जगाच्या बाजाराशी जोडले ते कापसाने. आगगाडी आली, जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात कापूस पिंजण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. रेच्यावर कापूस टाकण्याचे काम बहुतेक बायांचे.

भारतातील पहिला कारखाने कायदा १८८१चा. तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना लागू होता, त्यात केवळ मुलांच्या कामाचे तास ठरवले होते, आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणारे कारखाने त्यातून सोडले होते. म्हणजे हंगामी कारखान्यांना दार उघडे ठेवूनच कायदा केला गेला. पुढे मुंबई सरकारने १८८४-८५ साली नेमलेल्या आयोगापुढे खानदेशातील जिनांविषयी साक्ष झाली. ती वाचताना अंगावर काटा येतो. मंदीच्या दिवसांतही पहाटे ५ पासून रात्री १० पर्यंत काम. तेजीच्या दिवसांत रात्रंदिवस काम, आणि तेही त्याच माणसांकडून, आठ-आठ दिवस. काम करणाऱ्यांत बाया अधिक. रोज तीन-चार आणे. पहाटे ५ ते रात्री १० म्हणजे सतरा तास. त्यातले कितवे तास नेहमीचे आणि कितवे जादा? ही विचारणा तेथे कोणी केली नाही, कारण बाईच्या दिवसाला कायद्याने हद्दच घातलेली नव्हती.

नेमक्या याच काळात, सप्टेंबर १८८४ मध्ये, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या कोणत्या होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, अपघात झाल्यास भरपाई. या यादीत जादा कामाच्या जादा मजुरीची मागणी नाही, हे लक्षात घ्या. लोखंडे ती विसरले असे नव्हे. आधी दिवसाला शेवट हवा होता. सूर्यास्त हीच तेव्हा मागता येण्याजोगी हद्द होती. रविवारची सुट्टी १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली. दिवसाच्या हद्दीसाठी मात्र फार वाट पाहावी लागली.

३

फलकावरील वाक्याशी ताडून पाहता यावा म्हणून हा प्रवास थोडक्यात देतो. १८९१च्या कायद्याने शंभराऐवजी पन्नास माणसांचा कारखाना कक्षेत आला आणि बायांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. १९११ साली कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तास ठरले. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. तिने जगासाठी आठवड्याला ४८ तासांचा करार केला, पण हिंदुस्थानला वेगळी वागणूक देऊन येथे ६० तासांची सवलत ठेवली. त्याला अनुसरून १९२२चा कायदा झाला : दिवसाला अकरा तास, आठवड्याला साठ, आणि त्यापलीकडच्या कामाला किमान सव्वापट दर. १९३४च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तास ठरवले. हंगामी कारखान्यांसाठी अकरा आणि ६० तासच राहिले. जिनातल्या बाईचा आठवडा गिरणीतल्या कामगाराहून लांब असणे हे आता बेकायदा राहिले नाही. ते कायद्याने मान्य झाले.

बाबासाहेब जुलै १९४२ ते जून १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेली कारखाने कायद्याची दुरुस्ती एप्रिल १९४६ मध्ये चर्चेला येऊन मंजूर झाली. तिने बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणला, हंगामी कारखान्यांचा ६० वरून ५० वर, आणि जादा कामाचा दर दुप्पट केला. ४८ला सहाने भागले की आठ येतात. फलकावरचे आठ तास येथून आले आहेत. चौदा मात्र या कायद्याच्या अगोदरच्या कायद्यात कोठेही नाहीत.

कोणी म्हणेल, चौदा काय आणि दहा काय, बाबासाहेबांची थोरवी कमी होते का? मला वाटते, चुकीच्या आकड्याने ती झाकली जाते. सहा तास कमी करणारा दयाळू मंत्री आपण उभा करतो, आणि त्याने घातलेला खरा घाव आपल्या नजरेतून सुटतो. तो घाव दुप्पट दरात आहे.

एक हिशेब करू. समजा, एका कारखान्यात आठ तासांची मजुरी ४०० रुपये आहे. म्हणजे तासाला ५० रुपये. मालकाने चार कामगारांना रोज दोन-दोन तास जादा थांबवले, तर त्याला आठ तासांचे काम मिळाले. हे तास साध्या दराने दिले तर त्याला ४०० रुपये पडतात, सव्वापटीने ५००. नवा माणूस ठेवला तरी ४०० पडतात, शिवाय त्याची सुट्टी, आजारपण आणि इतर जबाबदारी मालकावर येते. म्हणून सव्वापट दर असूनही मालक जुन्याच माणसांना पिळतो. दुप्पट दर झाला की तेच काम ८०० रुपयांना पडते. आता नवा माणूस घेणे मालकाला परवडते आणि जुन्याला वेळेवर घरी सोडणेही परवडते. दुप्पट मजुरी ही कामगाराला दिलेली बक्षिसी नाही. मालकाने हद्द ओलांडू नये म्हणून हद्दीवर बसवलेला तो दंड आहे. आणि मंदीच्या दिवसांत दारावर उभ्या असलेल्या बेकाराची, म्हणजे बहुधा आपल्याच माणसाची, त्यात सोय आहे.

१९२८ साली चोवीस तासांच्या वेठीविरुद्ध उभा राहिलेला माणूस १९४६ साली तासाची किंमत दुप्पट करतो, या दोन गोष्टी मला एकाच विचाराच्या वाटतात. माणसाचा वेळ त्याच्या मालकीचा आहे आणि दुसऱ्याला तो हवा असेल तर ठरलेल्या हद्दीपर्यंत, ठरलेल्या दामाने घ्यावा, हा तो विचार. १९४८च्या कारखाने कायद्याच्या ५९व्या कलमात दुप्पट दर कायम राहिला, आणि विजेवर चालणारा दहा माणसांचा कारखानाही कक्षेत आला.

४

मग नानांचे वडील फाटकावर बारा तास का होते? कारण रेल्वेची हद्द वेगळ्या कायद्याने ठरत होती. १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती झाली. तिने कामाचे प्रकार पाडले. सततच्या कामाला आठवड्याला ६० तास, आणि ज्यात मधून मधून हात रिकामा राहतो अशा 'खंडित' कामाला ८४. ८४ तास म्हणजे आठवड्याचे सातही दिवस बारा तास. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्याने सततच्या कामाचे ५४ झाले, खंडित कामाचे ७५, आणि जादा वेळेचा दर दीडपट झाला. ७५ला सहाने भागले तर रोजचे साडेबारा तास होतात. नानांचे वडील त्या साडेबारा तासांतले होते. कायद्याच्या भाषेत गाडी येईपर्यंत ते बसून होते. पण त्या बसण्यात त्यांना फाटक सोडून घरी जाता येत नव्हते, झोपता येत नव्हते, पोराला शाळेत पोचवता येत नव्हते. बसलेल्या माणसाचा वेळ कोणाच्या मालकीचा होता?

आणि या पायरीवर कोण उभे होते? १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच दाखवले होते. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला हमालाची जागासुद्धा मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाला आपल्या घरी घरगड्यासारखा राबवतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. या एका उदाहरणात दोन अन्याय आहेत. हमालाकडून पगाराबाहेरचे काम फुकट घेतले जाते. आणि अस्पृश्याला तेवढ्या फुकट कामाच्याही लायकीचा समजले जात नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी सांगितले ते याच परिषदेत. केवळ तास मोजणाऱ्या कामगार पुढाऱ्यांना यातली पहिली बाजू दिसली नाही, आणि केवळ जयंतीचे फलक रंगवणाऱ्या आम्हा लोकांना दुसरी दिसत नाही.

नानांना आता माझे उत्तर असे आहे : बाबासाहेब तुमच्या वडिलांना विसरले नव्हते. त्यांनी कारखान्याच्या दारात हद्दीचा दगड रोवला. तुमचे वडील दुसऱ्या दारात उभे होते, आणि तेथला दगड अजून मागे होता. तो पुढे सरकवणे हे आपले काम होते.

५

हा जुना इतिहास आज कशाला उगाळायचा, असे कोणी विचारील. त्यासाठी दोन निकाल आठवावेत. आपल्या संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे ही वेठच आहे. पोटाची भूकही माणसाला जबरदस्तीने कामाला लावते. पुढे २०२० साली महासाथीच्या टाळेबंदीत गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला बारा तास काम घेण्याची आणि जादा तासांना दुप्पट दर न देण्याची मोकळीक दिली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि तसे करताना जगण्याच्या हक्काबरोबरच सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या हक्काचा, म्हणजे याच २३व्या अनुच्छेदाचा आधार घेतला. महारवाड्यातून उचलून नेलेला माणूस आणि कारखान्यात फुकट थांबवलेला माणूस यांचे नाते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मान्य झाले आहे. आपल्या व्याख्यानांत मात्र ते अजून आलेले नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. कामगाराची संमती हवी, असे त्यात म्हटले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. दुप्पट दराचे तत्त्व त्यांतही राहिले आहे. तत्त्व राहिले, हे चांगलेच. पण ज्याची नोकरी मुकादमाच्या मर्जीवर आहे त्याची संमती म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वतनदार महारही वतनाला 'संमत' होता असे तेव्हाचे लोक म्हणतच होते.

माझी आजी जिनातल्या दिवसांबद्दल सांगे. भोंगा झाल्यावर मुकादम म्हणे, "एवढा ढीग उरकून जा." ढीग उरकेपर्यंत दिवेलागण उलटून जाई. निघताना तो प्रत्येकीच्या हातावर चार आणे ठेवी. आजी त्यांना 'खुशीचे पैसे' म्हणे आणि त्या मुकादमाला भला माणूस म्हणे. हक्काचे दुप्पट पैसे तिला कधी माहीतच नव्हते, म्हणून चार आण्यांची दया तिला मोठी वाटली. केळी कापणीच्या टोळ्यांत आज जी पोरे जातात त्यांची मजुरी गाडीच्या हिशेबाने ठरते. गाडी रात्री अकराला भरली तर भाव तोच. त्यांच्यातले दोघे-तिघे माझ्या वर्गात बसतात आणि सकाळच्या तासाला पेंगतात. पूर्वी मी त्यांना हटकत असे.

हद्द मागायची तर आधी मोजणी हवी, आणि मोजणी आपली आपण ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. माझ्या वर्गातल्या या मुलांना मी एक वही करायला सांगितले आहे : कामाला कधी लागलो, कधी सुटलो, काय मिळाले. एवढेच तीन रकाने. पहिल्या आठवड्यात एकाचे ७१ तास भरले. तो ते आकडे पुन्हा पुन्हा बेरजा करून पाहत होता. त्याला वाटत होते, आपलीच काही चूक झाली. ही वही नानांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "आमच्या बापानं अशी ठेवली असती तर..." पुढे ते बोलले नाहीत.

येत्या जयंतीला मी त्याच वस्तीत बोलणार आहे. फलकावरचे चौदा मी पुसायला सांगितले आहेत. त्या जागी चोपन्नचे अठ्ठेचाळीस आणि दुप्पट दर असे लिहायचे ठरले आहे. त्याखाली या मुलांच्या वहीतले तास लिहायचे की नाही, यावर वस्तीत अजून वाद चालू आहे. काहींना वाटते, मालक लोक वाचतील. मला वाटते, त्यांनी वाचावे म्हणूनच लिहायचे.